पुढून मोटार, मागून मालगाडी!

राजेरजवाड्यांच्या मोटारी संग्रहालयात जाऊन बसल्या. पण ज्या गाड्यांनी पोती वाहिली, दुधाचे कॅन वाहिले आणि रविवारी घरच्या मंडळींना देवळातही नेलं, त्या गेल्या कुठे? मोटारीच्या पोटी जन्मलेल्या पिकअप गाड्यांची आणि त्यांच्यावर जीव लावणाऱ्या शौकिनांची ही कथा.

काशीला जाऊन आलेला मराठी माणूस घरी परतल्यावर काय काय सांगतो? विश्वनाथाचं दर्शन, दशाश्वमेध घाटावरची आरती, सकाळची कचौडी-जिलबी आणि न चुकता एक वाक्य : ‘गल्ल्या काय अरुंद हो तिथल्या!’ ते खरंच आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांत मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहत आली. पण तिथल्या कित्येक दारांपर्यंत मोटार कधी पोचलीच नाही. सामान न्यायचं तर हमालाच्या डोक्यावरून, नाहीतर हातगाडीवरून.

पण शहर म्हटलं की त्याला रोज खायला लागतं. पहाडियाच्या मंडईतून फळं, चंदुआ सट्टीतून भाजी, विश्वेश्वरगंजातून धान्य आणि किराणा असा माल रोज शहरभर फिरत असतो. मोठा ट्रक गावाच्या कडेला थांबतो. तिथून पुढचं काम छोट्या गाड्यांचं. तीनचाकी टेम्पो, ‘छोटा हाथी’ आणि बोलेरो पिकअप ही वाराणसीच्या रस्त्यावरची रोजची मंडळी.

यातल्या बोलेरो पिकअपकडे एकदा नीट बघा. तोंडवळा ओळखीचा वाटतो ना? लग्नाच्या वऱ्हाडाला नेणाऱ्या बोलेरोचंच ते तोंड. मागं मात्र आसनांच्या जागी उघडा हौदा आणि खाली पडणारा फाळका. पुढून घरची गाडी, मागून मालाची! साहेबाच्या कोटावर हमालाचं पागोटं चढवावं तसा हा प्रकार. पण या विजोड वाटणाऱ्या जोडीला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. आणि जगभर असे शौकीन आहेत, ज्यांना चकचकीत स्पोर्ट्स कारपेक्षा ही अर्धी मोटार आणि अर्धा टेम्पो जास्त आवडतो.

एका शेतकरीणबाईचं पत्र

ही कथा सुरू होते ती ऑस्ट्रेलियात. साल १९३२. जगभर मंदीचे दिवस. व्हिक्टोरिया प्रांतातल्या गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं. मागणी साधीच होती. रविवारी चर्चला जाताना कपडे भिजू नयेत, आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजारात नेता यावीत, अशी गाडी द्या. दोन गाड्या घेणं परवडत नाही. शिवाय बँका कामाच्या गाडीला कर्ज देत, चैनीच्या मोटारीला नाही, असंही या गोष्टीत सांगितलं जातं. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकरी कुटुंबाला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाईंचं नाव या कथेत कुठे येत नाही. पण पत्र टोपलीत गेलं नाही, हे महत्त्वाचं. जिलाँगच्या कारखान्यात ते लुई बँड्ट नावाच्या तरुण इंजिनिअरच्या हाती आलं. वय जेमतेम २२. त्यानं भिंतभर मोठ्या फळ्यावर गाडी पूर्ण आकारात रेखाटली.

तोवर अशा गाड्या नव्हत्याच असं नाही. मोटारीचा मागचा भाग काढून तिथं लाकडी खोका बसवण्याचा उद्योग बऱ्याच ठिकाणी चालत असे. पण ते ठिगळ होतं. बँड्टनं ठिगळ लावलं नाही. त्यानं दोन माणसांच्या बंद मोटारीची केबिन आणि मालाचा हौदा एकाच पत्र्याच्या सलग अंगात आणला. केबिनची बाजू थेट हौद्याच्या बाजूत वाहत गेली. काचा वर-खाली होणारी दारं, पक्कं छप्पर, मऊ बैठक, आणि मागं सुमारे साडेपाचशे किलो माल. १९३४ मध्ये ही गाडी बाजारात आली. तिचं नाव ‘कूपे युटिलिटी’. ऑस्ट्रेलियन माणसाला लांब नावं आवडत नाहीत. त्यानं त्याचं केलं ‘यूट’!

होल्डन कंपनीनं १९५१ मध्ये आपली यूट आणली आणि पुढे फोर्डवाले आणि होल्डनवाले असे दोन तटच पडले. आपल्याकडे गावात दोन तालमी असतात तसे. न्यू साउथ वेल्समधल्या डेनिलिक्विन या गावी १९९९ पासून यूटचा मेळा भरतो. हजारो यूट तिथं जमतात. त्यात नव्या असतात, जुन्या असतात, आणि आजोबांकडून नातवाकडे आलेल्याही असतात.

बँड्टचं पुढं काय झालं? तो आयुष्यभर फोर्डमध्येच राहिला. निवृत्तीनंतर त्यानं १९३४ च्या घडणीची एक यूट मिळवली आणि ती स्वतःच्या हातानं पूर्ववत केली. माणसानं आपल्याच लेकराचं पुन्हा बारसं करावं, तसं. मार्च १९८७ मध्ये एका टीव्ही माहितीपटाचं चित्रीकरण आटोपून तो त्याच गाडीतून घरी निघाला होता. जिलाँगजवळ एका ट्रकशी टक्कर झाली आणि बँड्ट त्या अपघातात गेला. ज्या गाडीनं त्याला नाव दिलं, तिच्याच चाकाशी त्याचा शेवट व्हावा, हा योग चटका लावणारा आहे.

ऑस्ट्रेलियातली ही परंपराही आता थांबली. तिथल्या फोर्ड फाल्कनच्या यूटचं उत्पादन २०१६ मध्ये बंद झालं आणि २०१७ च्या ऑक्टोबरात होल्डनच्या कारखान्याला कुलूप लागलं.

कोंबडीपायी गाडीला खुर्च्या!

अमेरिकेत पिकअप ट्रक पूर्वीपासून होते, पण ते दणकट आणि राकट. १९५७ मध्ये फोर्डनं ‘रँचेरो’ आणली. तिचं सगळं अंग मोटारीचं, फक्त मागं हौदा. १९५९ मध्ये शेवरलेनं ‘एल कमिनो’नं उत्तर दिलं. लांबलचक बॉनेट, क्रोमच्या पट्ट्या, मागं पंखासारखे कोपरे, आणि त्यात कुणी सिमेंटची पोती टाकलेली! रँचेरो १९७९ पर्यंत चालली, एल कमिनो मधली काही वर्षं सोडून १९८७ पर्यंत. आज जगभरचे शौकीन ज्या गाड्यांसाठी झुरतात, त्यांत या दोन्हींची नावं वर असतात.

या गाड्यांच्या इतिहासातला सर्वांत गमतीचा किस्सा मात्र एका जपानी गाडीचा आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन कोंबड्या युरोपात स्वस्तात येऊ लागल्या. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीनं त्यांच्यावर जकात बसवली. अमेरिकेनं रागानं काही युरोपीय मालावर उलट जकात लावली. त्यात छोटे ट्रकही होते. जकात २५ टक्के! कोंबडीचं भांडण पुढं विसरलं गेलं, ट्रकवरची जकात मात्र राहिली. तिचं नावच ‘कोंबडी कर’ पडलं.

सुबारू या जपानी कंपनीला १९७० च्या दशकाच्या शेवटी आपली ‘ब्रॅट’ ही छोटी पिकअप अमेरिकेत विकायची होती. त्यांनी काय करावं? हौद्यात मागं तोंड करून दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या पक्क्या बसवल्या. माणसं बसतात म्हणजे ही प्रवासी मोटार झाली, ट्रक नव्हे. जकात वाचली! पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातल्या शेतावरही अशी एक ब्रॅट होती.

आणि ही सारी जुन्या काळची गोष्ट आहे असं समजू नका. ब्राझीलमध्ये फियाटनं १९७८ मध्ये आपल्या छोट्या १४७ मोटारीची पिकअप काढली. त्याच घराण्यातली ‘स्ट्राडा’ १९९८ मध्ये आली आणि २०२१ मध्ये ती त्या देशातली सर्वांत जास्त खपणारी गाडी ठरली. म्हणजे त्या शेतकरीणबाईंची गरज जगात अजून शिल्लक आहे.

पुण्यात झालं उलटंच

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे मोटारच मुळात दुर्मिळ होती, तेव्हा तिची पिकअप कोण करणार? तरी काही प्रयत्न झाले. पश्चिम बंगालातल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सनं ॲम्बॅसॅडरचीच यंत्रसामग्री वापरून ‘ट्रेकर’ ही खेड्यापाड्यांसाठीची गाडी काढली. बंगाल-ओरिसाच्या बाजूला ती इतकी चालली की वडापच्या जीपगाड्यांनाही लोक ‘ट्रेकर’ म्हणू लागले. ट्रेकरवरून ‘पोर्टर’ ही मालाची गाडी निघाली. आणि अगदी शेवटच्या वर्षांत कंपनीनं चक्क ॲम्बॅसॅडरचंच नाक-डोळे ठेवून ‘वीर’ नावाची पिकअप केली. गोलमटोल बॉनेट, ओळखीचे दिवे, आणि मागं हौदा! पण उशीर झाला होता. २०१४ च्या मे महिन्यात ॲम्बॅसॅडरचं उत्पादनच थांबलं. शौकिनांच्या हिशेबी खरी ‘मोटारीची पिकअप’ म्हणावी अशी देशी गाडी हीच.

आपल्या महाराष्ट्रात मात्र उलटी गंगा वाहिली. इतरांनी मोटारीची पिकअप केली, पुण्यात पिकअपची मोटार झाली!

टेल्को तेव्हा ट्रकवाली कंपनी म्हणून ओळखली जायची. १९८६ मध्ये ‘४०७’ हा छोटा ट्रक आला आणि १९८८ मध्ये ‘टाटा मोबाईल २०६’. वाचकांनी गोंधळून जाऊ नये. तेव्हा मोबाईल म्हणजे खिशातला फोन नव्हे. तो आपल्याकडे १९९५ मध्ये आला. ही होती मोटारीसारखी बसायला ऐसपैस, डिझेलवर चालणारी पिकअप. दुकानदार, बागायतदार, कंत्राटदार यांची ती आवडती झाली.

मग टेल्कोच्या इंजिनिअरांनी या पिकअपच्याच सांगाड्यावर मागं छप्पर आणि काचा चढवल्या. १९९१ मध्ये आली ‘सिएरा’. तिच्या मागच्या मोठ्या वळणदार काचांनी तेव्हा रस्त्यावरचे लोक माना वळवून बघत. पुढच्याच वर्षी ‘इस्टेट’ आली आणि १९९४ मध्ये त्याच घराण्यातली ‘सुमो’. जपानी पैलवानाशी तिचा संबंध नाही. टेल्को घडवणारे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं जोडून ते नाव झालं. १९९८ च्या अखेरीस इंडिका आली तेव्हा या कंपनीला प्रवासी गाड्या नव्या राहिल्या नव्हत्या. त्यांचा पहिला धडा तिनं एका मालवाहू पिकअपवर गिरवला होता.

सिएराचं कौतुक आजही आहे. २०२५ मध्ये तर ते नाव नव्या गाडीवर पुन्हा आलं. पण जिच्या सांगाड्यावर ती उभी राहिली, त्या टाटा मोबाईलची आठवण किती जण काढतात? सून कौतुकाची, सासू मात्र माजघरात, असाच हा न्याय!

शौकीन नेमकं काय पाहतो?

सामान्य माणूस गाडीचा रंग पाहतो. पिकअपचा शौकीन आधी वाकून सांधा पाहतो. केबिन जिथं संपते आणि हौदा जिथं सुरू होतो, तो सांधा. कारण गाडीचं सगळं कसब तिथं असतं. मोटारीचं छप्पर हे नुसतं सावलीसाठी नसतं. ते गाडीच्या अंगाला पेटीसारखं घट्ट धरून ठेवतं. मागचं छप्पर काढलं की पेटीचं झाकण निघाल्यासारखं होतं आणि अंग पिळवटू लागतं. म्हणून खालचा तळ आणि बाजूच्या पट्ट्या जाड कराव्या लागतात, मागं पाटे कडक द्यावे लागतात.

त्याचा तोटाही आहे. पाटे मालासाठी कडक, त्यामुळं गाडी रिकामी असली की मागून उड्या मारते. पावसात रिकामी शेपूट हलकी पडून घसरतेही. म्हणून जुने चालक हौद्यात वाळूची दोन पोती टाकून ठेवत. सुनेनं सासरी पाटा-वरवंटा घेऊन जावा तसं हे वजन गाडीबरोबर फिरे!

मग आवडतं काय? पहिलं म्हणजे तिची उंची. मोटारीचाच तळ असल्यानं हौदा बुटका. पोतं खांद्यावरून उतरवावं लागत नाही, कमरेवरून सरकवता येतं. दुसरं, ती चालवायला मोटारीसारखी. तिसरं, ती खोटं बोलत नाही. जिथं बसायचं तिथं बसायचं, जिथं लादायचं तिथं लादायचं. आणि चौथं म्हणजे तिचे ओरखडे. हौद्यातला प्रत्येक पोचा कुणाच्या तरी कष्टाची नोंद असतो. म्हणूनच काही शौकीन बाहेरून गाडी रंगवतात, हौदा मात्र तसाच ठेवतात.

पण अशी गाडी पूर्ववत करणं सोपं नाही. पुढच्या अर्ध्या गाडीचे सुटे भाग मिळतात, कारण ते मोटारीचेच असतात. इंजिन, पुढची काच, दारं, दिवे जुन्या बाजारात शोधले की सापडतात. मागच्या अर्ध्याचं काय? फाळका, हौद्याच्या बाजू, केबिनची मागची काच, मागचे दिवे हे फक्त त्या पिकअपलाच लागतात. गाड्याच थोड्या बनल्या, मग भाग कुठून उरणार? अशा वेळी कुशल पत्रेवालाच देवासारखा धावून येतो. ठठेरी बाजारात पितळ ठोकून भांडी घडवणाऱ्या वाराणसीसारख्या शहरात पत्र्याला वळण देणारे हात अजून आहेत. पण समोर नमुना नसेल तर त्या हातांनी तरी काय करावं?

राजाच्या मोटारी आणि कामाची गाडी

वाराणसीला गेलात तर गंगेच्या पैलतीरावरचा रामनगरचा किल्ला जरूर पाहा. महाराजा बलवंत सिंह यांनी १७५० मध्ये तो बांधला. तिथल्या संग्रहालयात पालख्या आहेत, हत्तीवरच्या अंबाऱ्या आहेत, शस्त्रं आहेत, खगोलाची गणितं दाखवणारं प्रसिद्ध घड्याळ आहे आणि काशीनरेशांच्या जुन्या अमेरिकन मोटारीही आहेत. जगात बहुतेक ठिकाणी असंच घडतं. मिरवण्याची वाहनं जपली जातात, कारण ती वापरली कमी आणि पुसली जास्त जातात. कामाच्या गाडीचं नशीब वेगळं. ती शेवटच्या पोत्यापर्यंत वापरली जाते आणि मग किलोच्या भावानं भंगारात जाते.

आता कायदाही तिच्या बाजूनं फारसा नाही. जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत चांगली सोय केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही खास अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये शुल्क ठरलं. अशी गाडी प्रदर्शनाला, मेळाव्याला, दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

इथवर सगळं छान. पण मेख पुढं आहे. नियमाची भाषा दुचाकींची आणि खासगी वापराच्या प्रवासी चारचाकींची आहे. पिकअप बहुधा मालवाहू म्हणून नोंदलेली असते. म्हणजे तोंड मोटारीचं असूनही आरसी बुकानं ती ट्रकच्या रांगेत उभी! पन्नास वर्षं टिकली तरी तिला तो मान सहज मिळणार नाही. तोवर तिला मालवाहू गाडीचे नियम पाळावे लागतात. आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, आणि त्याचा खर्च. ज्या सरकारी खात्यांच्या ताफ्यात जुन्या पिकअप होत्या, त्यांच्याही १५ वर्षांवरच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली. धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, यात दुमत नाही. मुलांच्या फुप्फुसांपेक्षा कुठलीही हौस मोठी नाही. पण शंभर जातील त्यात एखादी नमुन्यासाठी राहावी, एवढी जागा नियमात असायला काय हरकत आहे? तिला धंदा करू देऊ नका, रोज रस्त्यावर आणू देऊ नका. फक्त व्हिंटेज म्हणून उभं राहू द्या.

तुमच्या वाड्यात एखादी आहे का?

गावाकडच्या गोठ्याशेजारी, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात किंवा मामाच्या गॅरेजमागं अशी एखादी पिकअप उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी थोडं थांबा. आधी तिची कागदपत्रं शोधा. आरसी बुक, कराच्या पावत्या, विम्याचे जुने कागद एका पिशवीत घाला. कागद हरवले की गाडी असूनही नसल्यासारखी. मग हौद्यातली पालापाचोळ्याची घाण काढा, कारण तिथं साचलेलं पाणी पत्रा आधी खातं. आसांखाली भक्कम टेकू लावून टायरवरचा भार कमी करा, वर ताडपत्री टाका आणि खालून हवा खेळती ठेवा. फाळका, मागचे दिवे, मागची काच सुटली असेल तर फेकू नका. तेच भाग पुन्हा मिळत नाहीत. नोंदणीचं काय करता येईल ते जवळच्या आरटीओत विचारून घ्या.

आणि एक काम बिनपैशाचं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या गाडीबद्दल विचारा. कुणी घेतली, कर्ज कसं फेडलं, पहिला माल कुठला नेला, लग्नात त्याच हौद्यात बसून कोण कोण गेलं. ते लिहून ठेवा, एखादा जुना फोटो असेल तर त्यामागं साल घाला. गिप्सलँडच्या त्या बाईंचं पत्र आठवलं जातं, पण नाव उरलं नाही. आपल्याकडच्या अशा गाड्यांमागची माणसं तरी नावानिशी उरावीत. गाडी राहो न राहो, तिनं ओढलेला संसार विसरला जाऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहेच!